पांगुळगाड्याचे ऋण

(उचगाव, जि. कोल्हापूर येथे माघ शुद्ध त्रयोदशीस, श्रीविश्वकर्मा जयंतीच्या दिवशी, आपल्या सुतार समाजाच्या वार्षिक मेळाव्यात एका निवृत्त प्राथमिक शिक्षकाने केलेले भाषण)



आजच्या मंगल दिवशी चार शब्द बोलावेत अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली, म्हणून आम्ही आपल्यापुढे उभे आहोत. आम्ही काही विद्वान नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण झालेले, शिक्षकी पेशाचे शिक्षण घेऊन आयुष्यभर मराठी शाळेत मुळाक्षरे व पाढे शिकविणारे आम्ही एक साधे शिक्षक. तेव्हा व्याख्यान असे काही आमच्या हातून होणार नाही. कातकाम म्हणजे काय, ते आपल्याकडून का सुटले, उचगावात आम्ही चार माणसांनी ते पुन्हा का हाती घेतले आणि त्यातून लोकसेवेचे काय घडले, एवढीच हकीगत सांगावयाची आहे. हकीगतीच्या शेवटी आपल्यापुढे एक विनंतीही ठेवावयाची आहे. ती मान्य करणे अथवा न करणे सर्वस्वी आपल्या हाती आहे.

कातणे म्हटले की आजच्या मुलांना सूत कातणे तेवढे आठवते. परंतु लाकूडही कातले जाते. लाकूड स्वतःभोवती फिरते ठेवावयाचे आणि हत्यार स्थिर धरून त्याला गोलाई आणावयाची, हे कातकाम होय. हे काम करणारा तो कातारी. आपल्या बोलण्यात अजूनही 'कातीव खांब' हा शब्द आहे. घरातील लाटणे, ताक घुसळावयाची रवी, बाजेचे पाय, पाळण्याचे खांब, कुंकवाचा करंडा, मुलांचा भोवरा, बुद्धिबळाची प्यादी या साऱ्या वस्तू कातकामाच्याच. विजेचे यंत्र नव्हते तेव्हा दोन टोकदार खिळ्यांमध्ये लाकूड अडकवीत, त्याला दोरीचा वेढा देत आणि एक जण ती दोरी पुढेमागे ओढी. लाकूड एकदा आपल्याकडे फिरे, एकदा उलट फिरे. ते आपल्याकडे फिरे तेव्हाच पटाशी टेकवावयाची आणि उलटले की उचलावयाची. दोरी ओढणारा व पटाशी धरणारा यांचा श्वास एक झाल्यावाचून साधे लाटणेही उतरत नसे. आम्ही लहानपणी आजोबांची दोरी ओढलेली आहे. हात भरून येत, पण लाकडातून लांब, ओलसर, सुगंधी ढलपी निघू लागली की हाताचे दुखणे विसरावयास होई.

याच कातकामातील एक वस्तू म्हणजे पांगुळगाडा. तीन चाके, दोन उभे दांडे, वर धरावयास एक आडवी कातीव मूठ. तो धरून मूल पहिले पाऊल टाकते. या नावाकडे आपण कधी लक्षपूर्वक पाहिले आहे काय? पायाने जो अधू, तो पांगळा. आपल्या पूर्वजांनी प्रत्येक बालकाच्या पहिल्या गाडीला पांगुळगाडा म्हटले. पाटलाचे मूल असो की मोलकऱ्याचे, जन्मतः प्रत्येक जण पांगळाच असतो आणि कोणीतरी दिलेल्या आधाराने चालावयास शिकतो, हे केवढे शहाणपण त्या एका शब्दात साठविले आहे! आमचे आजोबा गल्लीत मूल रांगू लागले की कोणी न सांगता पांगुळगाडा करावयास घेत. मूल चालू लागले की गाडा परत येत नसे. तो शेजारच्या घरी, तेथून पुढच्या घरी जाई. एका गाड्यावर सात-आठ मुले चालावयास शिकत. चालता आल्यावर गाडा धरून बसावयाचा नसतो, पुढच्या घरी द्यावयाचा असतो, हा गल्लीचा नियम होता.

आता कोणी म्हणेल, की गुरुजी, हे सारे बलुत्याच्या काळचे, आणि बलुत्याचे गोडवे आम्हांला ऐकवू नका. त्यांचे म्हणणे रास्त आहे. बारा बलुतेदारांच्या थोरल्या ओळीत सुताराचे नाव असे हे खरे. कुळवापासून चितेच्या लाकडापर्यंत गावाचे त्याच्यावाचून अडे, हेही खरे. परंतु खळ्यावर धान्य घ्यावयास गेलेल्या कारागिराने किती वेळ उभे राहावे, त्याच्या पदरात चांगले धान्य पडावे की खळ्याच्या तळचे, हे देणाऱ्याच्या मर्जीवर असे. बापाने वाकस धरला म्हणून मुलानेही वाकसच धरला पाहिजे, ही सक्ती त्यातच होती. महार, मांग, चांभार बांधवांच्या वाट्यास तर याहून कितीतरी अधिक अपमान आला. ती व्यवस्था गेली हे बरेच झाले. आमच्या आजोबांना पांगुळगाडा करावयास कोणी सांगत नसे, म्हणूनच तो आम्हांस बलुत्याहून वेगळा वाटतो. बलुत्यातील सक्ती गेली, तशी ही आपखुशीची बांधीलकीही जावी काय, हा आमच्यापुढचा प्रश्न होता.

कातकाम सुटले याचा दोष कोणा एकावर नाही. लोखंड आले, मागाहून प्लास्टिक आले. आपल्या कोल्हापुरात उद्यमनगर व शिरोली येथे ओतकामाचे कारखाने उभे राहिले आणि आपल्यातील अनेक हुशार कारागीर तेथे लाकडी नमुने करावयास गेले. कारखान्यात त्यांना पॅटर्नवाले म्हणतात. लोखंडाचा भाग ओतण्यापूर्वी तसाच भाग लाकडाचा करतात, तो वाळूत दाबून साचा घेतात आणि त्या पोकळीत तापलेला रस ओततात. रस निवताना आकसतो. बिडाचा भाग मीटरला सुमारे 10 मिलिमीटर आकसतो, म्हणून लाकडी नमुना तेवढा मोठा ठेवावा लागतो. पुढे काय घडणार आहे याचे माप आधी घेणे, ही या कामातील खरी विद्या होय. ही विद्या आपल्या समाजातील कारागिरांनी उत्तम आत्मसात केली आणि त्यांच्या मुलांची शिक्षणे त्यावर झाली. आजकाल तेही काम पुष्कळसे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांकडे गेले आहे. मुले अभियंते झाली, कचेरीत बसली. यात खंत करण्यासारखे काही नाही. खंत एवढीच, की घराच्या पडवीतील कातण्याचे यंत्र आधी मुके झाले, मग अडगळीत गेले आणि शेवटी मोडीत गेले.

याच्या उलट उदाहरण आपल्यापासून फार दूर नाही. आंबोली घाट उतरून कोकणात गेले की सावंतवाडी लागते. तेथील चितार आळीत लाकडी फळे, खेळणी व पाट यांची दुकाने आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. पांगाऱ्याचे हलके लाकूड घ्यावयाचे, फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी टेकवावयाची, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडास लपेटते, मग केवड्याच्या पानाने घासून तिला चकाकी आणावयाची, अशी ती रीत. हा धंदाही एके काळी बुडू लागला होता. शिवरामराजे भोसले व राणी सत्वशीलादेवी यांनी 1970 च्या दशकात जुन्या चिताऱ्यांना हाताशी धरून राजवाड्यात गंजिफा व लाखकामास आश्रय दिला. सावंतवाडीच्या गंजिफा व लाकडी वस्तू यांना 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. एका पिढीने यंत्र मोडीत जाऊ दिले नाही, म्हणून पुढच्या पिढीस मान मिळाला. एवढे तात्पर्य आपण ध्यानी घ्यावे.

आता उचगावची गोष्ट. आमच्या सेवानिवृत्तीनंतर, 2018 च्या दिवाळीपूर्वी, समाजमंदिराच्या मागील खोलीची साफसफाई निघाली. तेथे एका दिवंगत कारागिराच्या कुटुंबाने दान दिलेले कातण्याचे जुने यंत्र पडून होते. भंगारवाला दारात उभा होता आणि वजनाचा काटा लावलेला होता. आमच्याबरोबर एक निवृत्त पॅटर्नवाले होते. त्यांनी यंत्रावरील धूळ पुसली, हाताने चाक फिरवून पाहिले आणि एवढेच म्हणाले, "अजून सरळ फिरतंय." भंगारवाल्यास चहा पाजून परत पाठविले. पुढच्या रविवारपासून आम्ही चौघे तेथे जमू लागलो. या जमण्यास आम्ही नाव ठेवले नाही, पाटी लावली नाही, की पावतीपुस्तक छापले नाही. रविवारी सकाळी 8 ते 12 एवढी वेळ ठरली. लाकूड बहुधा मोडक्या पलंगांचे, जुन्या तुळयांचे, वखारीतील तुकड्यांचे. पहिले तीन महिने भोवरे, लाटणी व अंगणवाडीतील मुलांसाठी उतरंडीसारखे एकावर एक रचावयाचे गोल मणी, एवढेच आम्ही केले. आमचे पहिले लाटणे एका बाजूस जाड व दुसऱ्या बाजूस बारीक झाले. आमच्या घरी ते अजून वापरात आहे आणि पोळी वाकडी झाली की दोष कोणाचा हे ठरलेले आहे.

मग सेवेची हौस सुटली. गावातील वृद्धांना काठ्या द्याव्यात असे ठरले. आम्ही दोन डझन काठ्या केल्या. मुठी शिसवीच्या, कातीव, गुळगुळीत. लांबी सर्वांची सारखी, बरोबर 36 इंच. समारंभ झाला, हार झाले, नारळ झाले, छायाचित्रे निघाली. आमचेही भाषण झाले, आणि ते आजच्याहून लांब होते. दोन-तीन महिन्यांनी आम्ही सहज गावातून फिरत असता पाहतो, तो एक काठी भोपळ्याच्या वेलास टेकू म्हणून लावलेली, दुसरी कुत्री हाकलावयास दाराशी ठेवलेली, तिसरीने परसात कपडे वाळत घालावयाची दोरी उचलून धरलेली! ज्या आजींना ती काठी दिली होती, त्या जुनाच बांबू टेकीत चाललेल्या. आम्ही विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "गुर्जी, झंपर शिवायचा तरी शिंपी माप घेतोय. काठीला माप नसतंय व्हय?"

बंधुभगिनींनो, आयुष्यभर मुलांना मापनाचे धडे शिकविणाऱ्या माणसास याहून मोठी चपराक कोणती? लोखंड आकसेल म्हणून दहा मिलिमीटरची सूट आधी धरणारे आमचे पॅटर्नवाले आणि चाळीस मुलांचे मूल्यमापन करणारे आम्ही. पण ज्याला काठी द्यावयाची त्याची उंची विचारावी हे दोघांच्याही ध्यानी आले नाही. कारण त्या दिवशी आमचे लक्ष काठी घेणाऱ्याकडे नव्हते, हार घालून घेणाऱ्याकडे होते. त्यानंतर आम्ही माहितगारांकडून नीट शिकून घेतले. माणसाने नेहमीच्या चपला घालून सरळ उभे राहावे, हात सैल सोडावेत आणि मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंत जे अंतर भरेल तेवढी काठीची उंची ठेवावी. म्हणजे मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकलेले राहते आणि भार खांद्यावर येत नाही. खाली रबराची टोपी हवी, नाहीतर शेणाने सारविलेल्या अगर फरशीच्या जमिनीवर काठी घसरते. लाकडाचे धागे मुठीपासून टोकापर्यंत सरळ गेलेले हवेत, तिरकस असतील तर भार पडताच काठी चिरते. आम्ही घरोघर जाऊन मापे घेतली आणि काठ्या पुन्हा केल्या. या वेळी समारंभ केला नाही.

मापाची सवय लागली आणि मग गरजा आपोआप दिसू लागल्या. संधिवाताने ज्यांची बोटे मिटत नाहीत, त्यांना पातळ दांड्याचा चमचा धरता येत नाही. त्यावर जाड कातीव मूठ बसविली की तो धरता येतो. एका हाताने पोळ्या लाटणाऱ्या भगिनीसाठी पोळपाटाचे पाय रुंद करून त्यांना रबर लावले, म्हणजे तो सरकत नाही. बोटांत जोर नसलेल्या मुलाच्या पेन्सिलीवर लाकडी मणी चढविला. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याजवळ 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून 55 फुटांवर मजल मारली, तेव्हा शिरोळकडील गावांतून घरेच्या घरे पाण्याखाली गेली. पाणी ओसरल्यावर धान्य व कपडे पुष्कळ आले, परंतु पोळपाट-लाटणे कोणाच्या ध्यानी आले नव्हते. त्या पंधरवड्यात आमच्या यंत्रास रविवार-सोमवार राहिला नाही. पीठ आहे, चूल आहे, पण लाटावयास काही नाही, अशा घरी एक लाटणे पोहोचते तेव्हा त्या माउलीच्या मुद्रेवर जे दिसते, ते सांगण्यास आमच्यापाशी शब्द नाहीत.

अपंगांच्या सेवेविषयी उचगावात बोलताना एक नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. नसीमा हुरजूक यांना ऐन तारुण्यात अर्धांगाच्या विकाराने चाकाच्या खुर्चीचा आश्रय करावा लागला. त्यांनी सरकारी नोकरी करीतच अपंगांसाठी काम आरंभिले आणि 1984 साली कोल्हापुरात सहकाऱ्यांसह 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. त्या संस्थेचे 'घरौंदा' हे वसतिगृह आपल्या या उचगावातच आहे. त्यांचे 'चाकाची खुर्ची' हे आत्मचरित्र आपल्या समाजमंदिराच्या कपाटात असावे, अशी आमची सूचना आहे. अपंगांस दया नको, शिक्षण व काम हवे, हे त्यांच्या साऱ्या कार्याचे सार होय. असाच दुसरा दाखला जयपूरचा. तेथे डॉ. प्रमोद करण सेठी यांच्यासारखा निष्णात शल्यचिकित्सक आणि पंडित रामचंद्र शर्मा यांच्यासारखा फारसे शालेय शिक्षण न झालेला कारागीर एकत्र आले आणि 1968 च्या सुमारास 'जयपूर पाय' जन्मास आला. रबर व लाकूड यांचा तो कृत्रिम पाय घालून माणूस अनवाणी चालू शकतो, मांडी घालू शकतो, चिखलात उतरू शकतो. डॉ. सेठी यांना 1981 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉक्टरांच्या विद्येस कारागिराच्या हाताची जोड मिळाली नसती, तर तो पाय पुस्तकातच राहिला असता. आपल्या हातात काय आहे, हे आपण विसरलो आहोत म्हणून हे सांगितले.

परदेशातील लोकांनीही ही गोष्ट ओळखली आहे. लंडनच्या कातारी मंडळींच्या संघास तेथील राजाने 1604 साली सनद दिली होती. अमेरिकेत 1986 साली लाकूड कातणाऱ्यांची संघटना स्थापन झाली आणि आज तिच्या छत्राखाली गावोगावची शेकडो मंडळे आहेत. त्यांतील बहुतेकांचे पोट या कामावर नाही. कोणी वकील, कोणी शिक्षक, कोणी निवृत्त सैनिक. दुर्धर आजाराने रुग्णालयात असलेल्या मुलांना तेथे प्रत्येक उपचारागणिक एक रंगीत मणी देण्याची प्रथा आहे. ते मणी ठेवण्यासाठी ही मंडळी झाकणाचे सुरेख लाकडी डबे कातून देतात. त्यांच्यात हा व्यवसाय जातीचा नव्हता, म्हणून तो हाती धरण्यात कोणास लाज वाटली नाही. आपल्याकडे तो जातीचा होता. जात विसरावी म्हणून आपण हत्यारही टाकून दिले. विसरावयाची होती ती उच्चनीचता. हत्याराने काय पाप केले होते?

आता ज्यासाठी इतका वेळ आपणांस बसवून ठेवले, त्या गोष्टीकडे येतो.

सुमारे तीन वर्षांपूर्वी एक तरुण कुबड्या टेकीत आमच्या खोलीच्या दारात आला. त्याच्यासाठी काही करून हवे असेल असे समजून आम्ही फूटपट्टी उचलली. तो म्हणाला, "मला काही करून नको, मला शिकवा." आमची मंडळी क्षणभर एकमेकांकडे पाहू लागली. खरे सांगावयाचे तर आम्हांस दोन अडचणी वाटल्या. एक म्हणजे, यंत्रापाशी उभे राहावे लागते, ते त्याला कसे जमावे? दुसरी आम्ही मोठ्याने बोललो नाही, पण ती मनात होती. तो आपल्या समाजाचा नव्हता. पहिली अडचण आमच्या पॅटर्नवाल्यांनी आठ दिवसांत सोडविली. उभ्या माणसाच्या कोपराच्या उंचीवर यंत्राचा मध्य असतो, तो बसलेल्या माणसाच्या कोपराएवढा खाली आणला. पायाने दाबावयाची कळ काढून हाताशी बटण बसविले. दुसरी अडचण सोडविण्यास आम्हांस मात्र अधिक दिवस लागले, हे या व्यासपीठावरून कबूल करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. आज आमच्या खोलीत सर्वांत सरळ लाटणे त्याच्या हातून उतरते. गेल्या वर्षीपासून आठवीतील दोन मुली त्याच्याकडून शिकत आहेत आणि त्या मात्र आपल्या समाजाच्या आहेत. म्हणजे आपली विद्या आपल्या मुलींना परत देणारा गुरू बाहेरून आला!

आणि याच वेळी समाजमंदिराच्या मागील खोलीस दुकानासाठी भाडेकरी चालून आला आहे. कार्यकारी मंडळापुढे तो प्रस्ताव आहे. भाड्याची रक्कम आपल्या गरजू विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीस द्यावी असा मंडळाचा विचार आहे. हा विचार वाईट आहे असे आम्ही कदापि म्हणणार नाही. आम्ही स्वतः शिक्षक आहोत आणि दुसऱ्याच्या मदतीवर शिकलेले आहोत. मंडळातील काही सद्गृहस्थांनी आम्हांस प्रेमाने विचारले, "गुरुजी, आपल्या मुलांची फी महत्त्वाची, की परक्यांची लाटणी?" प्रश्न सरळ आहे, तेव्हा उत्तरही सरळच दिले पाहिजे.

फी महत्त्वाची आहे. म्हणून आमची सूचना अशी, की खोली भाड्याने न देता सोमवार ते शनिवार तेथे समाजाच्या व गावाच्या मुलांसाठी अभ्यासिका चालवावी आणि रविवारी सकाळी यंत्र चालावे. शिष्यवृत्तीस जी रक्कम कमी पडेल, तिचा काही भाग आम्ही निवृत्त मंडळी आपल्या निवृत्तिवेतनातून दरमहा देऊ. आमच्यापैकी सहा जणांनी तसे लिहून दिले आहे आणि ते पत्र अध्यक्षांच्या हाती आहे. सर्व तूट त्यातून भरून निघणार नाही, हे आम्ही लपवीत नाही. उरलेल्या तुटीसाठी एक वर्षाची मुदत द्यावी, एवढेच मागणे. वर्षअखेर खोलीत काय झाले याचा हिशेब आपण पाहावा आणि मग जो निर्णय घ्याल तो आम्ही शिरसावंद्य मानू.

तरुणांस पोटाच्या दृष्टीनेही एक गोष्ट सांगावयाची आहे. केंद्र सरकारने 17 सप्टेंबर 2023 रोजी आरंभिलेल्या विश्वकर्मा योजनेत 18 पारंपरिक व्यवसाय घेतले आहेत आणि त्यांत सुतारकाम आहे. प्रशिक्षण, हत्यारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत साह्य आणि तारणावाचून कर्ज अशी तीत तरतूद आहे. ज्यांना व्यवसाय करावयाचा आहे त्यांनी तिची माहिती घ्यावी. आणि जे रविवारी हौसेने येतील, त्यांनी तीन नियम पाळावेत. सैल बाह्या, गळ्यातील साखळी व हातमोजे यंत्रापाशी नकोत, कारण फिरते लाकूड ते ओढून घेते. डोळ्यांवर चष्मा व नाकावर पट्टी हवी, कारण लाकडाची बारीक धूळ फुप्फुसास घातक आहे. आणि तिसरा नियम असा, की ज्याच्यासाठी वस्तू करावयाची त्याला आधी विचारावे. हा तिसरा नियम आम्हांस भोपळ्याच्या वेलाने शिकविला आहे.

परक्यांविषयी एक शब्द सांगून आवरते घेतो. कोल्हापूरकरांस शाहू महाराजांची आठवण करून देण्याची गरज नसावी. महाराजांनी निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे काढविली, कारण ज्यांना कोणी दारात उभे करीत नव्हते त्यांना आधी हक्काचे एक दार हवे होते. आणि त्याच महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेव्हा ते सर्वांच्या मुलांसाठी केले. आपल्या शेजारच्या वळिवड्यास 1943 ते 1948 या काळात दूर पोलंड देशातून आलेल्या हजारो निर्वासितांची छावणी होती. फाळणीनंतर सिंधी बांधव आले आणि त्याच परिसरात गांधीनगर वसले. या मातीने परका म्हणून कोणास परत पाठविल्याचे आम्हांस ठाऊक नाही.

आपली ही समाजसंस्था आम्हांस प्रिय आहे. आमचे पहिले गणवेशाचे कापड व पहिली पुस्तके समाजातील वडीलधाऱ्यांनीच दिली होती. तो आमचा पांगुळगाडा होता. तो धरून आम्ही चालावयास शिकलो. परंतु आजोबांच्या गल्लीचा नियम आपण ऐकला आहे. चालता आल्यावर गाडा माडीवर नेऊन ठेवला, तर त्याला वाळवी लागते. पुढच्या घरी दिला, तर त्यावर आणखी सात-आठ मुले चालतात. पुढचे घर आपल्या जातीचे आहे की नाही, हे आमच्या आजोबांनी कधी विचारले नाही. ते फक्त मूल रांगू लागले आहे की नाही, एवढेच पाहत.

मागील खोलीत ते यंत्र आहे. मेळावा संपल्यावर प्रत्येकाने एकदा तेथे डोकावून जावे आणि चाक हाताने फिरवून पाहावे. ते अजून सरळ फिरते. पुढचा निर्णय आपला आहे.



जय विश्वकर्मा!